कानस

इंगवल्यांच्या घरात तीन वर्षं भांडण झालं नव्हतं, आणि सुवर्णाबाईंना त्याचा संशयही आला नव्हता. सगळी हयात सॉफ्टवेअरमध्ये घालवलेल्या बाईला खरं तर तो यायला हवा होता. एखादी यंत्रणा महिनोन्‌महिने एकसुद्धा तक्रार दाखवत नसेल, तर खूश होण्याआधी तक्रारीची घंटा जाग्यावर आहे का ते बघावं, हे त्यांनीच कितीतरी पोरापोरींना शिकवलं होतं. पण स्वतःच्या घराकडे यंत्रणा म्हणून कोण बघतं? त्यांना आपलं वाटलं, जयसिंगराव आता निवले.

पहिल्यासारखे दिवस असते, तर त्या शनिवारी सकाळी अंगणात मोठं रण माजलं असतं.

जयसिंगराव चहाचा कप घेऊन बाहेर आले आणि बदामाच्या झाडाखालच्या लोखंडी बाकावर बसले. बाक त्यांनी स्वतः वेल्डिंग करून बनवला होता. सुवर्णाबाई पाइपानं कढीपत्त्याला पाणी घालत होत्या.

"सोमवारी अकरा वाजता," ते म्हणाले. "बेलसरे गाडी पाठवतोय. दोघांच्या सह्या झाल्या की हे घर त्या लोकांचं, आणि 'निवांत'मधला फ्लॅट आपला."

सुवर्णाबाईंनी पाइप झाडाच्या बुंध्याशी टाकला. "करा काय करायचं ते."

तो सूर कुठल्याही मराठी नवऱ्याला ओळखता आला असता. 'करा'ला एक हिसका, 'काय'ला लांबट हेल, आणि शेवटचं 'ते' दार आपटावं तसं. त्यांच्या आईचा हाच सूर होता, आजीचाही हाच असणार. कागलच्या त्यांच्या माहेरी या चार शब्दांवर ठरलेली लग्नं मोडली होती आणि बाजारातून आणलेले बैल परत गेले होते.

जयसिंगरावांनी समाधानानं मान हलवली. "तू इतकी समजूतदार होशील असं वाटलं नव्हतं गं मला."

"मी समजूतदार? मला विचारतंय कोण? तुम्ही राजे, आम्ही प्रजा. उद्या म्हणाल हिमालयात चल, तर तिकडंही येते हातात कमंडलू घेऊन."

"हिमालयातली थंडी सोसायची नाही तुला," ते प्रेमानं म्हणाले, आणि कप विसळायला आत गेले.

कप विसळायला! हेही नवीनच. सुवर्णाबाई पाइप हातात घेऊन उभ्या राहिल्या आणि कढीपत्त्याच्या आळ्यातलं पाणी फरशीवर पसरत गेलं. हा माणूस आपली चेष्टा करतोय, की आपण बोलतो ते त्याला आता भिंतीवरच्या घड्याळाच्या टिकटिकीसारखं झालंय, हे त्यांना कळेना.

घर निगडीच्या प्राधिकरणात होतं. खाली दोन खोल्या, वर दोन, मध्ये अंमळ जास्तच उभा जिना. दोघांच्या नोकऱ्या चालू असताना, मुलगी केतकी पाचवीत असताना बांधलेलं. 'निवांत' हा तळेगावच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी असलेला ज्येष्ठ नागरिकांचा प्रकल्प. तिथं सगळं आपोआप होतं. पडदे आपोआप उघडत, गोळ्यांची आठवण भिंत करून देई, जेवण ठरल्या वेळी दाराशी येई. स्वयंपाकघर म्हणून एक ओटा होता, पण गॅस नव्हता. बघायला गेले तेव्हा बेलसरे नावाचा विक्री अधिकारी कानात ग्राहकसेवेवाल्यांसारखं फोनचं पांढरं बोंडूक घालून हसत हसत सगळं दाखवत होता. सुवर्णाबाई म्हणाल्या होत्या, "वा! राजवाडाच हो हा. नुसतं पडून राहायचं आणि मरायचं." बेलसरे आणखीच हसला. "थँक्यू मॅडम," म्हणाला. जयसिंगरावही हसले. घरी येईपर्यंत सुवर्णाबाई गाडीत एक शब्द बोलल्या नव्हत्या.

आयुष्यभर त्यांनी लोकांची कामं आपोआप व्हावीत म्हणून खस्ता खाल्ल्या होत्या. बँका, विमा कंपन्या, विमानतळ. त्यांना त्याचा अभिमान होता. पण सकाळी उठून आपल्या हातानं दुधाचं पातेलं गॅसवर ठेवणं, ते उतू जाईल म्हणून त्याच्याकडे बघत उभं राहणं, हे कुणी काढून घेतलं तर दिवस सुरू कुठून करायचा, हा प्रश्न त्यांना पडला होता. हा प्रश्न त्या रोज विचारत होत्या. निदान त्यांना तसं वाटत होतं.

सुवर्णाबाई नोकरीला लागल्या नव्व्याण्णव साली. जुन्या संगणकांना दोन हजार साल कळेल की नाही, या भीतीनं तेव्हा सारं जग धास्तावलं होतं, आणि त्या भीतीवर पुण्यात शेकडो पोरापोरींना नोकऱ्या लागल्या. कोल्हापूरहून इंजिनिअर होऊन आलेली ही मुलगी त्यांतलीच एक. डोक्याएवढे मोठे मॉनिटर, एसीत कुडकुडणाऱ्या मुलींच्या अंगावर घरून आणलेल्या शाली, आणि कँटीनमध्ये सगळ्यांचा मिळून एक डबा. कामाला बसवण्याआधी कंपनीनं त्यांना बोलायला शिकवलं. एक बाई यायच्या. त्या सांगायच्या, परदेशी ग्राहकाशी बोलताना हेल काढायचे नाहीत, आवाज वर न्यायचा नाही, आणि काही झालं तरी 'नाही' म्हणायचं नाही. त्याच्याऐवजी म्हणायचं, 'प्रयत्न करतो.'

पोरं शिकली. 'प्रयत्न करतो' म्हणत म्हणत काम अडकायचं, शेवटच्या दिवशी सगळं कोसळायचं. मग तिकडच्या लोकांनीही वर्ग काढले, भारतीय माणूस 'प्रयत्न करतो' म्हणाला की 'नाही' असं समजावं. म्हणजे एका साध्या शब्दाला टाळायचं कसं ते इकडे शिकवत होते, आणि टाळलेला ओळखायचा कसा ते तिकडे. सुवर्णाबाई हा किस्सा नव्या मुलांना रंगवून सांगत. स्वतः त्यांना मात्र तो वर्ग सोपा गेला होता. माहेरी कुठल्या बाईनं तोंडावर 'नाही' म्हटलेलं त्यांनी ऐकलं होतं? तिथं नाही म्हणायला वेगळे रस्ते होते.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत त्यांच्याकडे आवाजाचं काम आलं. ग्राहकसेवेच्या फोनवर बसणाऱ्या मुलामुलींना दिवसभर लोकांचा आरडाओरडा ऐकावा लागे. कुणाला झोप लागेना, कुणी नोकरी सोडून जाई. तेव्हा कंपनीनं ठरवलं, की समोरचा ओरडला तरी ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत ओरडणं पोचू नये, बोलणं तेवढं पोचावं.

त्यामागचं शास्त्र तसं समजायला अवघड नाही. माणसाच्या बोलण्यात दोन गोष्टी एकत्र विणलेल्या असतात. शब्द तयार होतात ते जीभ, ओठ, टाळू यांच्या हालचालींतून. सूर तयार होतो तो त्याच्या खाली, घशातल्या पडद्यांच्या कंपनातून आणि छातीतल्या हवेच्या दाबातून. राग आला की पडदे ताणले जातात, आवाज चढतो, अक्षरांच्या कडा तीक्ष्ण होतात. यंत्रानं हे दोन धागे वेगळे करायचे, शब्दांचा तसाच ठेवायचा, आणि सुराचा काढून त्या जागी त्याच माणसाचा शांत असतानाचा सूर भरायचा. शांत सूर कुठून आणायचा? त्या माणसाच्या जुन्या ध्वनिमुद्रणांतून. आणि हे सगळं इतक्या झटपट, की ऐकणाऱ्याला बोलणाऱ्याचे ओठ आणि आवाज यांत अंतर जाणवू नये. पापणी लवायला लागतो त्याहून कितीतरी कमी वेळ.

कागदोपत्री त्याला लांबलचक इंग्रजी नाव होतं. टीममध्ये सगळे 'कानस' म्हणत, आणि ते नाव सुवर्णाबाईंनी दिलं होतं. जयसिंगराव कारखान्याच्या टूलरूममधले. लोखंड कापलं की काठाला जो बोचरा भाग राहतो, तो कानशीनं घासून काढायचा, पण मापाला धक्का लावायचा नाही, हे त्यांच्याकडून ऐकून ऐकून सुवर्णाबाईंना पाठ झालं होतं. त्यांनीच टीमला नियम घालून दिला, सुराला हात लावा, शब्दाला लावायचा नाही. एक अक्षर बदललं तरी चाचणी नापास. शब्द बदलणारं यंत्र लबाड, आणि आपण लबाड यंत्र करायचं नाही.

मिरजेचा फरहान मुजावर तेव्हा टीममध्ये नवा होता. तो एकदा म्हणाला होता, "मॅडम, शब्द तेच राहिले म्हणजे अर्थ तोच राहिला, असं धरायचं का? आमची अम्मी 'नको जेवू, जा' म्हणते तेव्हा ताट वाढलेलं असतं."

"तुझी अम्मी फोनवर तक्रार नोंदवायला बसणार नाही," सुवर्णाबाई म्हणाल्या होत्या. "धरायचं तसंच. नाहीतर हे काम जन्मात संपायचं नाही."

सगळे हसले आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले. मराठी आवृत्ती वेळेवर गेली, आणि त्या वर्षाअखेर सुवर्णाबाई निवृत्त झाल्या. आता आठवड्यातले दोन दिवस सल्लागार म्हणून घरूनच बसत.

त्याच शनिवारी दुपारी जयसिंगराव आंघोळीला गेले होते. त्यांची श्रवणयंत्रं फ्रिजवरच्या स्टीलच्या वाटीत होती. तरुणपणी वर्षानुवर्षं प्रेस शॉपच्या दणदणाटात काढल्यानं त्यांचे कान गेले होते, आणि तेही विचित्र पद्धतीनं गेले होते. हळू बोललेलं ऐकू येत नसे आणि मोठं बोललेलं सहन होत नसे. तीन वर्षांपूर्वी ते डॉक्टरांकडे जाऊन ही नवी यंत्रं घेऊन आले. सुवर्णाबाईंनी तेव्हा किंमत विचारली होती, बाकी काही नाही. चष्म्याचा नंबर बदलला तर आपण काचेचं शास्त्र विचारतो का?

यंत्रं चार्जिंगच्या डबीत ठेवावीत म्हणून त्यांनी वाटी खाली घेतली. डबीचं झाकण सापडेना.

"कुठं टाकलंय मेलं ते झाकण, एक वस्तू जाग्यावर ठेवतील तर शपथ," त्या पुटपुटल्या. हातातल्या यंत्रातून बारीकसं काहीतरी ऐकू आल्यासारखं वाटलं.

सवय वाईट. त्यांनी एक यंत्र पुसलं, स्वतःच्या कानात घातलं आणि दुसऱ्या कानावर हात दाबून धरला.

"कुठं टाकलंय मेलं ते झाकण," त्या पुन्हा म्हणाल्या, मुद्दाम तशाच तणतणत.

कानात एक बाई बोलली. शब्द तेच. पण ती बाई असेल तिशीतली, आणि झाकण हरवल्याची तिला गंमत वाटत असावी. वाक्याच्या शेवटाला तिचा आवाज एक पायरी उतरावी तसा किंचित खाली आला.

ती पायरी सुवर्णाबाईंनी ओळखली. तो कानशीतला दोष होता. वाक्य कुठं संपणार याचा अंदाज यंत्राला करावा लागे आणि दरवेळी शेवटी तो थोडा चुके. तो काढायला त्यांनी दोन पोरांना महिनाभर बसवलं होतं. निघाला नव्हता. शेवटी 'कुणाच्या लक्षात येणार नाही' असं लिहून त्यांनीच विषय बंद केला होता.

आवाजही ओळखीचा होता. जयसिंगरावांच्या फोनमध्ये केतकीच्या लहानपणचे व्हिडिओ होते. बारसं, पहिला वाढदिवस, चिंचवडच्या भाड्याच्या घरातली गॅलरी. यंत्रानं शांत सूर तिथून उचलला होता. फोनमध्ये दुसरा शांत सूर सापडला नसेल, हेही सुवर्णाबाईंच्या मनात येऊन गेलं.

त्या खुर्चीवर बसल्या. मग श्वास घेऊन, आईसारखा हिसका देऊन, म्हणाल्या, "करा काय करायचं ते."

कानातल्या बाईनं अगदी मोकळ्या मनानं परवानगी दिली.

फरहान आता टीमचा प्रमुख होता. त्यांनी अंगणात जाऊन त्याला फोन लावला.

"मॅडम, श्रवणयंत्रवाल्यांना दिलं की आपण ते," तो म्हणाला. "तुम्ही रिटायर झालात तेव्हाच. ज्यांना मोठा आवाज बोचतो त्यांना डॉक्टर चालू करून देतात. पेशंट फार खूश आहेत."

"मला कुणी सांगितलं नाही."

"मेल आला होता मॅडम सगळ्यांना."

"मेल!" सुवर्णाबाई म्हणाल्या. "बरं, बंद कुठून करायचं?"

"फोनमधल्या ॲपमध्ये एक बटण आहे. तुम्हीच दाबलंत तरी सरांना कळणार नाही. म्हणजे, कळेल. सरांना फारच कळेल. जपून हं मॅडम. मागे एका आजोबांचं एकदम बंद झालं, तर त्यांना वाटलं घरात दुसरीच बाई येऊन राहिलीय."

"फरहान."

"हां मॅडम?"

"तुझी अम्मी काय म्हणायची रे? जेवणाचं?"

"नको जेवू, जा," तो हळूच म्हणाला. "हल्ली ती फोनवर तसं म्हणते आणि मला ते आपल्या कानशीतून ऐकू येतं ना मॅडम, तेव्हा मीही बऱ्याचदा तिच्याकडे जेवायला जात नाही. नको म्हणाली, असं वाटतं."

जेवणानंतर जयसिंगराव आडवे झाले. त्यांचा फोन उशाशी होता. सुवर्णाबाईंना त्याचा पासवर्ड ठाऊक होता, त्यांनीच तो ठेवून दिला होता. ॲप उघडलं, बटण सापडलं. हिरवं, गोल. त्यांचा अंगठा त्याच्यावर थांबला.

एक तर, दुसऱ्याच्या चालू यंत्रणेत त्याला न सांगता बदल करायचा नाही, हा त्यांच्या धंद्यातला पहिला नियम. त्यांनी तो कधी मोडला नव्हता, आणि ज्यांनी मोडला त्यांना धारेवर धरलं होतं. दुसरं असं, की बटण दाबून उद्या त्या आपल्या नेहमीच्या सुरात बोलल्या असत्या, तर तीन वर्षं गोड बोलणारी बायको सह्या करायच्या आदल्या दिवशी एकाएकी उलटली, एवढंच त्या माणसाला दिसलं असतं. त्यांनी फोन उशाशी ठेवला.

मग त्यांनी आठवून बघितलं. 'निवांत'चा विषय निघाला तेव्हा आपण काय म्हणालो? 'तुम्हाला योग्य वाटेल ते.' माहितीपत्रक आलं तेव्हा? 'छान, छान, फ्रेम करून लावा.' घर बघायला लोक आले तेव्हा? 'या, बसा, तुमचंच घर आहे.' कानशीनं त्यातला एक शब्द बदलला नव्हता. सगळे शब्द जसेच्या तसे, मापाबरहुकूम पोचले होते. नकार होता तो सगळा काठाला होता, आणि काठ घासून गेला होता.

कानशीतून पार जायचं तर नकार शब्दात पाहिजे. साधा, सरळ. आणि असं वाक्य आपण या माणसाशी कधी बोललो होतो, हे शोधायला त्या मागे मागे गेल्या. प्रेस शॉपमधून बदली मागून घ्या, हे त्यांनी भांडी आपटून सांगितलं होतं. सासूबाईंना गावाकडे एकटं ठेवायचं नाही, हे अबोल्यानं. केतकीला हैदराबादला पाठवायचं नाही, हे 'पाठवा, पाठवा, मलाही पाठवा' असं म्हणून. तो सगळं समजायचा. उलटा ओरडायचा, दोन दिवस धुमसायचा, पण समजायचा. लग्नाला इतकी वर्षं झाली आणि 'मला हे नको आहे' एवढं वाक्य त्यांच्या तोंडून त्याच्यासमोर निघालंच नव्हतं. गरज पडली नव्हती.

रविवारी सकाळी जयसिंगराव चहा घेऊन बाकावर आले. सुवर्णाबाई आधीच तिथं बसल्या होत्या. पाइप गुंडाळून ठेवलेला होता.

"मला तिकडं राहायला जायचं नाही," त्या म्हणाल्या.

वाक्य तोंडात परक्या भाषेतल्यासारखं वाटलं. जयसिंगरावांचा कप अर्ध्यावर थांबला.

"कुठं?"

"'निवांत'ला. मला जायचं नाही. मला हे घर विकायचं नाही. उद्या मी सही करणार नाही."

त्यांनी कप बाकावर ठेवला. चेहऱ्यावर राग नव्हता. माणूस पायरी आहे समजून पाऊल टाकतो आणि तिथं पायरी नसते, तसं काहीतरी होतं.

"अगं, मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"बोलत होते."

"कधी? मी दर वेळी विचारलं तुला. तू दर वेळी हो म्हणालीस. इतक्या गोड म्हणालीस, मलाच वाटलं, हिला इथं नकोसं झालंय. मी तर तुझ्यासाठी चाललो होतो."

"माझ्यासाठी?"

"त्या जिन्यासाठी. रोज म्हणायचीस, ह्या जिन्यानं जीव घेतलाय माझा."

"अहो, ते म्हणायचं असतं!"

"मला काय माहीत, कुठलं म्हणायचं असतं आणि कुठलं खरं असतं? आधी कळायचं. हल्ली कळेनासं झालंय. मला वाटलं, तू बदललीस."

मग सुवर्णाबाईंनी त्यांना सांगितलं. कानस काय करते ते, सूर कुठून येतो ते, आणि नाव कुणी दिलं तेही. जयसिंगरावांना बायको 'आवाजाचं काहीतरी' करते एवढंच ठाऊक होतं. ते कारागिराच्या बारकाईनं ऐकत होते. माप न बिघडवता काठ काढायचा, हे ऐकल्यावर म्हणाले, "ते लोखंडाचं झालं. करवतीचा काठ घासलास तर ती कापणार कशानं?"

थोड्या वेळानं जयसिंगरावांनी खिशातून फोन काढला, ॲप उघडलं, पण बटण लगेच दाबलं नाही. "डॉक्टरनं सांगितलं होतं, मोठे आवाज मऊ होतील. मी म्हटलं, बरं. घरी आलो, तू दारात काहीतरी बोललीस, आणि मला वाटलं, चिंचवडच्या गॅलरीतनं बोलतीयस." ते फोनकडे बघत होते. "कळलं असतं तरी मी बंद केलं नसतं बहुतेक. खोटं कशाला बोलू?"

"राहू द्या मग चालू. मला आता सरळ बोलायला येतं. एकदा केलंय."

"दुसऱ्यांदा जमायचं नाही तुला," ते म्हणाले आणि बटण दाबलं.

रस्त्यावरून एक रिक्षा गेली. त्यांनी डोळे बारीक केले, मान थोडी आत घेतली.

"बोल काहीतरी."

"काय बोलू?"

"नेहमीचं."

सुवर्णाबाईंनी पदर सावरला. आता मुद्दाम म्हणायचं तर शब्द तोंडात अवघडून बसले. मग त्यांना 'निवांत'मधली भिंत आठवली, गोळ्यांची आठवण करून देणारी, आणि सूर आपोआप आला.

"करा काय करायचं ते!"

जयसिंगराव दचकले. हात कानाकडे गेला आणि तिथंच राहिला. मग चेहरा हळूहळू उलगडला, गर्दीत खूप दिवसांनी गावाकडचा माणूस दिसावा तसा.

"हां," ते म्हणाले. "म्हणजे नाही."

"आता कळलं!"

"आवाज बसलाय गं तुझा. कधीपासून?"

"झाली की दोन वर्षं. खोकला झाला होता त्यानंतर."

"मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं. दहा वेळा सांगितलं. तुम्ही म्हणायचात, छान वाटतोय की."

बाकावरचा थंड झालेला चहा जयसिंगरावांनी एका घोटात संपवला आणि बेलसरेला फोन लावला. कानाला त्रास नको म्हणून स्पीकरवर टाकला.

"गुड मॉर्निंग सर! उद्याची गाडी साडेदहाला..."

"गाडी नको. आम्ही विकत नाही. आमच्या घरात नाही म्हणतायत."

"कोण सर?"

"बायको."

"काय सर सकाळी सकाळी चेष्टा करताय!" बेलसरे मनापासून हसला. "मॅडमशी परवाच माझं फोनवर बोलणं झालं. म्हणाल्या, 'न्या एकदाचं आम्हाला उचलून.' इतक्या आनंदानं बोलत होत्या, मी आमच्या साहेबांनाही सांगितलं, की अशी उत्साही फॅमिली..."

जयसिंगरावांनी बायकोकडे बघितलं. सुवर्णाबाईंनी त्यांच्या हातातून फोन घेतला.

"बेलसरे," त्या म्हणाल्या, "आधी कानातलं ते बोंडूक काढून ठेवा. मग सांगते."